कूस आणि कुशी

पेरुमाळ मुरुगन यांची 'माधोरुभागन' ही तमिळ कादंबरी २०१० साली आली. अनिरुद्धन वासुदेवन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'वन पार्ट वुमन' २०१३ मध्ये आला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तिरुचेंगोडे गावात तिच्याविरुद्ध आंदोलन पेटलं आणि जानेवारी २०१५ मध्ये मुरुगन यांनी आपल्यातला लेखक मेला, असं जाहीर केलं. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. एवढं आपल्याला वर्तमानपत्रांतून ठाऊक असतं. त्यामुळं पुस्तक हातात घेताना आपण त्या एका जत्रेसाठीच ते उघडतो. मूल नसलेल्या बाईनं जत्रेच्या रात्री परक्या पुरुषाजवळ जायचं, त्याला देव मानायचं, आणि मूल झालं तर ते देवानं दिलं म्हणायचं. ही प्रथा खरी की खोटी, लेखकानं ती लिहायला हवी होती की नको, यावर वाद घालून आपण पुस्तक मिटतो.

माझं म्हणणं असं की ही कादंबरी त्या रात्रीची नाहीच. ती त्याआधीच्या बारा वर्षांची आहे. काळी आणि पोन्ना या शेतकरी जोडप्याच्या लग्नाला बारा वर्षं झाली आहेत आणि मूल नाही. पण दोघांचं एकमेकांवरचं मन उतरलेलं नाही. तिच्या नुसत्या वासानं त्याला घरी यावंसं वाटतं. ती रुसते, टोमणे मारते, त्याला हसवते आणि त्याच्या अंगाला बिलगून झोपते. मूल नसलेल्या नवरा-बायकोचं अंथरूण इतकं जिवंत असू शकतं, हे मी तरी आधी फारसं कुठं वाचलं नव्हतं. आपल्या कथा-सिनेमांत अशा बाईला दोनच जागा असतात. एक देवघर आणि दुसरी खिडकी. ती नवस करते नाहीतर शेजारच्या पोराकडं बघत बसते. तिला अंग असतं, त्या अंगाला काही हवंसं वाटतं, हे लेखक विसरून जातात.

मुरुगन विसरत नाहीत. म्हणून त्या अंथरुणावर बाहेरचं जग कसं येऊन बसतं, हेही त्यांना नेमकं दाखवता येतं. कादंबरीच्या सुरुवातीला काळी सासरवाडीच्या दारात पारसपिंपळाखाली पडलेला आहे. ते झाड त्यानंच लग्नानंतर लावलेलं. बारा वर्षांत ते दार झाकून टाकेल एवढं वाढलंय. त्या सावलीत पडल्यापडल्याही त्याला हिशोब चुकत नाही. लोक त्याला दुसरं लग्न कर म्हणतात. सासू पोन्नाला कडू पाल्याचे रस पाजते. तिरुचेंगोडेच्या डोंगरावर एक अवघड शिळा आहे, तिला मूल नसलेल्या बाईनं प्रदक्षिणा घालायची असते. जीव मुठीत धरून पोन्ना तीही घालते. पूर्वजांच्या पापाचा शाप शोधला जातो, शांती केल्या जातात. एवढं सगळं होतं, पण दोष काळीत असू शकेल हा विचार कुणी फार वेळ धरून ठेवत नाही. आज वैद्यक सांगतं, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीनं असतं. पण रस मात्र पोन्नाच पिते.

आता त्या कादंबरीशेजारी मी एक जुनं नाटक ठेवते. स्पॅनिश कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का यांचं 'येर्मा'. डिसेंबर १९३४ मध्ये माद्रिदला ते पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. मराठीत त्याचं रूपांतर 'चांगुणा' नावानं झालं. 'येर्मा' हे नावच ओसाड, नापीक या अर्थाच्या शब्दावरून घेतलेलं आहे. जन्मलेल्या मुलीचं नाव कुणी असं ठेवत नाही. गावानं तिला जे मानलं तेच नाव नाटककारानं तिला दिलं. येर्माचा नवरा हुआन शेतावर राबतो, पैसा साठवतो. बायकोनं घरात राहावं एवढंच त्याला हवं. ती बाहेर पडते म्हणून पुढं तो आपल्या दोन बहिणींना तिच्यावर लक्ष ठेवायला घरात आणून बसवतो. त्या नणंदा फारसं बोलत नाहीत, नुसत्या असतात. आपल्यातल्या कितीतरी जणींना त्या ओळखीच्या वाटतील.

नाटकाच्या पहिल्याच अंकात येर्माला एक म्हातारी भेटते. येर्मा तिला विचारते, मला मूल का होत नाही? म्हातारी औषध सांगत नाही, नवस सांगत नाही. ती उलट विचारते की नवरा तुला आवडतो का, तो जवळ आला की तुझ्या अंगात काही थरथरतं का? येर्मा खरं सांगते. नाही. एकदाच असं झालं होतं, लहानपणी, व्हिक्टर नावाच्या मुलानं एक चर ओलांडताना तिला उचललं होतं तेव्हा. नवऱ्याशी ती जवळीक करते ती मुलासाठी. पहिल्या रात्रीसुद्धा तिच्या मनात मूलच होतं.

तिची ही कबुली मला नाटकातली सगळ्यात दुःखाची जागा वाटते, शेवटच्या खुनापेक्षाही. कारण येर्माचं सुख कुणी तिच्यापासून हिरावून घेतलेलं नाही. ते तिला कधी स्वतःचं म्हणून मिळालंच नाही. तिनं ते आधीच मुलाच्या नावावर गहाण टाकलं होतं. म्हणून शेवटी हुआन जेव्हा म्हणतो की मला मूल नकोच आहे, तू आहेस तेवढं पुरे, ये जवळ, तेव्हा तिला त्यात प्रेम दिसत नाही. तारण बुडालं एवढंच दिसतं. ती त्याचा गळा दाबते.

दोन्ही पुस्तकांत जत्रा आहे, हा योगायोग विलक्षण आहे. येर्माच्या शेवटच्या प्रवेशात मूल हवं असणाऱ्या बायका एका देवस्थानाला जातात. तिथं बाहेरगावचे पुरुषही येतात आणि त्यानंतर काही बायकांची कूस उजवते, हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही. म्हातारी येर्माला आपल्या मुलाबरोबर राहायला चल म्हणते. येर्मा अब्रूसाठी नाही म्हणते. पोन्ना मात्र जाते. पण कशी जाते? काळीनं संमती दिली आहे असं तिचा सख्खा भाऊ मुत्तू तिला खोटं सांगतो. इकडं काळीला दारू पाजून लांब नेलेलं असतं. म्हणजे एक बाई नकार देऊन मरणाकडं जाते आणि दुसरी होकार देऊन घर गमावते. स्पेन आणि तमिळनाडू यांच्यात समुद्र आहेत, पण दोन्हीकडं समाजानं बाईला दिलेला उपाय एकच आहे, तुझ्या अंगाचं तुला काय वाटतं ते बाजूला ठेव आणि कसंही करून मूल आण.

आमच्या बेळगावातल्या वाचन मंडळात मी ही कादंबरी मराठीत गोष्ट सांगितल्यासारखी सांगितली. आम्ही बारा-पंधरा जणी, बहुतेक आमच्याच समाजातल्या. घरात मराठी, बाजारात कानडी, इंग्रजी पुस्तक वाचायला कुणाला वेळ नाही. सांगून झाल्यावर चर्चा अर्थातच जत्रेची झाली. देवळाचं नाव बदनाम केलं का, असं कुठं असतं का, यावर तासभर बोललो. काळी-पोन्नाच्या अंथरुणाबद्दल एकीनंही शब्द काढला नाही. मीही काढला नाही, मला विषय कसा काढावा ते सुचेना. सगळ्या गेल्या. दारात चपला घालताना एक पस्तिशीची मुलगी मागं राहिली. म्हणाली, "अक्का, त्या गोठ्यावरचं वाचून मला रडू आलं. आमच्यात ते सगळं कधीच संपलं."

पुढं तिनं जे सांगितलं त्यात नवीन काही नव्हतं, आणि तेच वाईट होतं. लग्नाला नऊ वर्षं. दोघांच्या तपासण्या जवळजवळ ठीक. डॉक्टरांनी महिन्यातल्या तारखा लिहून दिल्या, त्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवायच्या. त्या दिवशी नवरा कामासाठी बेंगळुरूला असला तर महिना फुकट गेला म्हणून घरात तोंडं पडायची. त्याच्यावरही दडपण, कारण त्याचं अंगही हुकूम दिल्यासारखं चालत नाही. मग सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, पाय वर करून पडून राहणं. "आता तो सहज पाठीवर हात ठेवतो ना अक्का, तरी मला तारीख आठवते," ती म्हणाली. "आणि तारीख नसली तर मनात येतं, मग आता कशाला?"

हे 'कशाला' कुठून येतं, याचं उत्तर वैद्यकात आहे आणि ते काही फार गूढ नाही. अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० साली लैंगिक अडचणींवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचा मुद्दा असा होता, की संबंधाच्या वेळी माणूस स्वतःच स्वतःकडं परीक्षकासारखा बघायला लागला, जमतंय का, होतंय का असं मोजायला लागला, की शरीर मिटतं. इच्छा, ओलावा, ताठरता या गोष्टी आज्ञेनं येत नाहीत. तारखेचा संबंध म्हणजे तर प्रत्येक वेळी परीक्षाच, आणि निकाल महिन्याच्या शेवटी पाळीच्या रूपानं लागतो. तोही बहुतेक वेळा नापास. ज्या गोष्टीमागोमाग दर महिन्याला रडणं येतं, तिच्याकडं मन आपोआप पाठ फिरवतं. यात बाईचं प्रेम कमी झालेलं नसतं.

त्यांनी सुचवलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. काही आठवडे संबंध करायचाच नाही, असं आधी ठरवायचं. मग जोडीदारानं एकमेकांच्या अंगाला हात लावायचा, पण सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळून. हेतू उत्तेजित करण्याचा नाही, नुसतं जाणवण्याचा. कुठं बरं वाटतं, कुठं गुदगुल्या होतात, काय नको आहे, ते बोलायचं. पुढं टप्प्याटप्प्यानं जायचं. थोडक्यात, परीक्षा रद्द करायची. आजही लैंगिक समस्यांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ या पद्धतीचा उपयोग करतात, आणि त्याबरोबर मनात घट्ट बसलेल्या विचारांवरही काम करतात. 'मी अपुरी बाई आहे', 'माझं शरीर नासकं आहे', 'मूल नाही तर सुखाचा मला काय हक्क', असे विचार समोर मांडून तपासायला शिकवतात. उपचार चालू असताना महिन्याच्या काही रात्री तारखांच्या आणि काही फक्त आपल्या, अशी वाटणी करायलाही काही समुपदेशक सांगतात.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या काही जोडप्यांत मुळात संबंधच नीट झालेला नसतो. बाईचे योनीभोवतीचे स्नायू भीतीनं किंवा वेदनेनं आपोआप आवळले जातात आणि तिला ते थांबवता येत नाही. वर्षानुवर्षं ती हे कुणाला सांगत नाही, नवराही सांगत नाही. याला उपचार आहे, त्यात समुपदेशन आहे, व्यायाम आहेत. पण त्यासाठी कुणीतरी तिला विचारावं लागतं की दुखतं का?

विचारायची साधनंही तयार झालेली आहेत. २००० साली स्त्रियांच्या लैंगिक स्वास्थ्याची एक प्रश्नावली आली, 'फिमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स' नावाची. इच्छा, उत्तेजना, ओलावा, परमसुख, समाधान आणि वेदना, असे सहा भाग, एकूण १९ प्रश्न. वंध्यत्वावरच्या अभ्यासांत ती बरीच वापरली जाते. वाचक म्हणून तिच्याकडं पाहिलं तर एक गोष्ट खटकते. सगळे प्रश्न 'गेल्या चार आठवड्यांत' असे आहेत. चार आठवडे म्हणजे उपचार घेणाऱ्या बाईचा एक महिना, एक आशा आणि एक पाळी. प्रश्नावली महिन्याचा हिशोब विचारते, पोन्नाची बारा वर्षं तिच्यात मावत नाहीत. तिथं कादंबरी लागते. पण कादंबरी वाचून त्या मुलीचं दुखणं थांबणार नाही, तिथं प्रश्नावली आणि ती भरून घेणारं माणूस लागतं. दोन्ही हवं.

आपल्याकडच्या २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं दवाखान्यांवर जोडप्याला समुपदेशन देण्याची जबाबदारी टाकली आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळं-तिळं राहण्याचा धोका, दत्तकाचा पर्याय, हे सगळं सांगायचं आहे. चांगलंच आहे. पण ही यादी बघा, ती मुलाभोवती फिरते. तुमच्या दोघांचं काय चाललंय, हा प्रश्न तिच्यात नाही. दवाखान्यानं तो विचारला नाही म्हणून बाईनं तो विचारू नये असं मात्र कुठं लिहिलेलं नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडं येते. मानसोपचाराची भलावण करतानाही आपण येर्माचीच चूक करतो. घराघरांत एक वाक्य आहे, "टेन्शन घेऊ नकोस, मग होईल." हल्ली त्याचं सुशिक्षित रूप निघालंय, की समुपदेशन घे, मन शांत झालं की दिवस राहतील. पहिली गोष्ट, याला भक्कम आधार नाही. २०११ साली जॅकी बॉयविन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली. उपचाराच्या फेरीआधी बाई किती तणावात होती, याचा त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध त्यांना दिसला नाही. म्हणजे तू रडलीस म्हणून झालं नाही, हे तिच्या डोक्यावर लादायचं कारणच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिचं दुःख खरं आहे आणि तेवढ्यासाठीच त्यावर उपचार व्हायला हवा. अमेरिकेतल्या ॲलिस डोमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली वंध्यत्व असलेल्या स्त्रियांची तुलना दुसऱ्या मोठ्या आजारांच्या रुग्णांशी केली. त्यांची चिंता आणि खिन्नता कर्करोगाच्या आणि हृदयरोगाच्या रुग्णांइतकी निघाली. कर्करोगाच्या रुग्णाला आपण असं म्हणत नाही, की तुझं मन सावरलं तर अमुक फायदा होईल म्हणून सावर. त्याचं मन सावरावं एवढंच आपल्याला वाटतं. मग हिच्याच मनाला आणि हिच्याच सुखाला मुलाची पावती का जोडायची?

आपल्या धर्मात शल्य तीन सांगितली आहेत, माया, मिथ्यात्व आणि निदान. यातलं निदान म्हणजे डॉक्टरांचं नव्हे. व्रत करताना मनात फळाचा सौदा ठेवणं, या बदल्यात मला अमुक मिळो असं म्हणणं, याला निदान म्हटलं आहे. असा सौदा काट्यासारखा आत रुततो आणि व्रताचं व्रतपण जातं. मुलासाठी एकामागून एक उपास करणाऱ्या आपल्या मुलींना हे कुणी फारसं सांगत नाही. मला ते अंथरुणाबद्दलही खरं वाटतं. जवळीक सौद्यात गेली की तिच्यात काटा रुततो. मूल हवंसं वाटणं हा दोष नाही, ती माणसाची साधी ओढ आहे. पण प्रत्येक स्पर्शाच्या बदल्यात ते मागायला लागलं की स्पर्शही जातो आणि मूलही हातात नसतं.

मराठीत लैंगिक सुखाची बाजू मांडणारा मोठा माणूस होऊन गेला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. बाईलाही लैंगिक सुखाचा हक्क आहे आणि सुख व संतती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्यांचा झगडा नको असलेल्या मुलांशी होता, म्हणून आपल्याकडं त्या विचाराचा अर्धाच भाग रुजला. मूल होण्याची भीती नसलेलं सुख आपण मान्य केलं, गोळ्या आणि निरोध घराघरांत पोचले. मूल होण्याची आशा नसलेलं सुख मात्र आपल्या बोलण्यात अजून आलेलं नाही. दोन मुलं झाल्यावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बाईला कुणी विचारत नाही, की आता कशाला? वांझ म्हटल्या गेलेल्या बाईला मात्र तिचं स्वतःचं मनच तो प्रश्न विचारतं.

शब्दही आपण तसेच ठेवलेत. मराठीत वांझ, कानडीत बंजे, आणि पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात असा शब्दच नाही. कूस उजवली की बाईचं कौतुक; पण त्याच कुशीत नवऱ्यानं डोकं ठेवलं तर त्याला सांगण्यासारखा शब्द आपल्याकडं नाही. महावीर जयंतीला देवळात पाळणा हलवायला बायका पुढं होतात, तेव्हा मूल नसलेलीला एक तर कुणी मुद्दाम पुढं ढकलतं, "तू हलव, तुझा हलेल," म्हणून, नाहीतर ती स्वतःच खांबामागं उभी राहते. ढकलणारीचा हेतू वाईट नसतो. पण त्या क्षणी तिची भक्तीसुद्धा सौद्यात जाते, आणि सगळ्या मंडपासमोर.

मुरुगन यांच्याशी माझं एक भांडण शिल्लक आहे. त्यांनी पोन्नाला एवढं जिवंत केलं, पण निर्णयाच्या वेळी कादंबरी काळीच्या मनात जाऊन बसते. त्यानं एकदा तिला विचारलेलं असतं, की तू जाशील का? ती म्हणते, तुम्ही म्हणत असाल तर मुलासाठी जाईन. त्या उत्तरानं तो दुखावतो आणि दोघांत भेग पडते. तिच्या उत्तरातला अर्थ किती साधा आहे! ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही, एवढंच तिला सांगायचं आहे. तो मात्र त्यात तिची वासना शोधत बसतो. पुढं लेखकानं या कथेचे दोन वेगळे उत्तरार्ध लिहिले. एकात काळी मरतो, दुसऱ्यात जगतो. म्हणजे कथेला फाटा फुटतो तो पुरुषाच्या जगण्या-मरण्यावर. त्या रात्री पोन्नाला काय हवं होतं, तिचा होकार फसवून घेतलेला होता, तर त्या होकाराचं काय, या प्रश्नावर फाटा फुटला असता तर ती तिसरी कादंबरी मला सगळ्यात आधी वाचायला आवडली असती.

तरीही ही कादंबरी मी त्या मुलीला वाचायला दिली, नवऱ्याबरोबर वाच म्हणून. आणि एक पत्ताही दिला, अशा विषयावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा. ती गेली की नाही ते मी विचारलेलं नाही. तिला मूल झालं का, हे तर मी या लेखात सांगणारच नाही. वाचणारीच्या मनात तो प्रश्न आला असेल, माझ्याही मनात येतो, पण त्याचं उत्तर इथं दिलं तर वर लिहिलेलं सगळं पुन्हा पावतीच्या कागदावर जाईल.

येर्माला भेटलेल्या त्या म्हातारीकडं शेवटी परत जाते. अख्ख्या नाटकात तीच एकटी येर्माला तिच्या सुखाबद्दल विचारते. पण येर्मा आणखी खोलात विचारायला लागली, की म्हातारी गडबडते, विषय टाळते आणि निघून जाते. येर्मा वैतागून म्हणते, की जाणत्या बायका सगळं अर्धवट बोलतात, खुणांनी सांगतात, आणि आमच्यासारख्या मुली कोरड्याच राहतात. ते वाचताना मला आमच्या मंडळातली ती दुपार आठवते, आम्ही सगळ्या जत्रेवर बोलत बसलो होतो ती. आम्ही जाणत्या वयाच्या बायका आहोत. आमच्या सुना-भाच्यांना आम्ही औषधं सांगतो, डॉक्टर सांगतो, क्षेत्रं सांगतो. "तुमचं दोघांचं बरं चाललंय ना? जवळ आलात की बरं वाटतं का? दुखत तर नाही ना?" हे तीन प्रश्नही आम्हाला विचारता यायला हवेत. चौकशी म्हणून नाही आणि चारचौघांत तर नाहीच. एकटीला, दार लोटून, आणि ती बोलायला लागली की उठून न जाता.